खऱ्या घाटात कासव नसतं



मी तीस वर्षं एसटी चालवली. आता निवृत्त आहे, पण गेल्या दिवाळीपासून पुन्हा स्टिअरिंग हातात घेतलं आहे. ही गाडी आमच्या साताऱ्याच्या घरात टीव्हीच्या पडद्यावर धावते. शेजारी माझा सात वर्षांचा नातू बसलेला असतो आणि बहुतेक वेळा तोच माझ्या पुढं असतो.

त्याच्या मामानं त्याला निन्टेन्डो स्विच नावाचं यंत्र आणून दिलं. त्यात ‘मारिओ कार्ट’ हा शर्यतीचा खेळ आहे. हा खेळ जपानमध्ये पहिल्यांदा १९९२ साली निघाला. आमच्याकडची आवृत्ती २०१७ सालची. यंत्र घरात आलं आणि घरात दोन पक्ष पडले. सूनबाई म्हणाली, “डोळे जातील, अभ्यास जाईल.” मुलगा म्हणाला, “खेळू दे, काय बिघडतंय?” शेवटी निकाल माझ्याकडं आला. मी म्हटलं, आधी त्याच्याबरोबर बसून खेळून बघतो, मग सांगतो.

पहिली गंमत शर्यत सुटतानाच दिसली. तीन, दोन, एक असे आकडे पडतात. नातू पहिल्यापासूनच बटण दाबून धरायचा. तसं केलं की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागं राहते. ‘दोन’ दिसल्यावर दाबलं, तर ती झेप घेते. हे त्याचं त्यानं चार दिवसांत शोधून काढलं. ज्या पोराला जेवणाच्या पानावर दोन मिनिटं धीर धरवत नाही, ते पोर आकड्याची वाट बघायला शिकलं.

या खेळात लहान मुलांसाठी एक सोय आहे. ती चालू असली की गाडी रस्त्याच्या बाहेर जातच नाही, आपोआप आत वळते. पहिला आठवडा ती चालू होती आणि नातू रस्त्याकडं न बघता खेळायचा. मी ती बंद करायला लावली. पहिल्या दिवशी तो इतक्यांदा खाली पडला की रडकुंडीला आला. पण आठवडाभरात त्याची नजर बदलली. आपल्या गाडीकडं बघायचं सोडून तो पुढच्या वळणाकडं बघायला लागला. श्रोतेहो, नव्या ड्रायव्हरला शिकवताना आम्हाला हेच सांगून सांगून घसा कोरडा करावा लागायचा. बॉनेटकडं बघून गाडी चालत नाही, नजर पुढं हवी.

तिसरी गोष्ट हरण्याची. या खेळात वाटेत काही वस्तू मिळतात. जो मागं असतो त्याला जास्त उपयोगी वस्तू मिळते आणि जो पहिला असतो त्याला बहुधा केळं नाहीतर एखादं नाणं. त्यामुळं शेवटच्या वळणावर पहिला कधी पाचवा होईल, सांगता येत नाही. सुरुवातीला हरला की नातू रिमोट फेकायचा. आता म्हणतो, “आजोबा, अजून एक.” एवढं पाहून मी घरात निकाल देऊन टाकला की खेळ चांगला आहे.

इथं माझी चूक झाली.

या खेळात ब्रेक फारसा लागतच नाही. वळणात गाडी मुद्दाम घसरवायची, चाकांखालून ठिणग्या उडतात आणि वळण संपताच गाडीला आणखी वेग मिळतो. ड्रायव्हर म्हणून मला हे बघून हसू यायचं. हसलो आणि सोडून दिलं.

जानेवारीत एका संध्याकाळी नातू सायकल घेऊन आमच्या गल्लीच्या उतारावरून सुसाट खाली आला. उतार जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो तिथं त्यानं ब्रेक न लावता सायकल कलंडवली. समोरून टेम्पो आला. त्या टेम्पोवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून मी आज हे भाषण करतो आहे. पोराच्या हनुवटीला चार टाके पडले. दवाखान्यात मी विचारलं, “ब्रेक का नाही लावलास रे?” तो म्हणाला, “वळणात घसरलं की स्पीड मिळतो ना, आजोबा.”

म्हणजे पोर शिकलं होतं, आणि नीट शिकलं होतं. फक्त कुठलं कुठं लावायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

सूनबाईनं यंत्र कपाटात टाकलं. तिनं मला वाचून दाखवलं की जर्मनीतल्या संशोधकांनी २००७ साली मोठ्या माणसांवर प्रयोग करून पाहिले होते. शर्यतीचे खेळ नुकतेच खेळलेल्यांच्या मनात धोका पत्करण्याचे विचार जास्त आले. मला ते पटलं. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यांतली दहापैकी सात अतिवेगाच्या अपघातांत. हा आकडा ऐकून मला झोप लागली नाही. त्याला आणखी एक कारण होतं.

ते कारण मी दुसऱ्या दिवशी नातवाला सांगितलं. १९९४ च्या पावसाळ्यात मी कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीला उशीर झालेला. वेळ भरून काढायची म्हणून एका वळणावर वेग कमी केला नाही. गाडी घसरली आणि पुढचं चाक कठड्याला टेकून थांबली. आत त्रेचाळीस माणसं. कुणाला खरचटलंही नाही. पण ही गोष्ट मी घरात कधी बोललो नव्हतो, बायकोलासुद्धा.

नातू गप्प बसून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, “कठडा नसता तर? कासवानं उचललं असतं का?”

त्या खेळात गाडी खाली पडली की हवेत तरंगणारं एक चष्मेवालं कासव येतं आणि गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवतं. थोडी नाणी जातात, बाकी काही नाही. मी म्हटलं, “नाही रे बाळा. खऱ्या घाटात कासव नसतं.” तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला.

त्यानंतर आम्ही दोघं उतारावर गेलो. रस्त्यावर खडूनं रेघ मारली. रेघेच्या आधी ब्रेक लावायचा, उतरायचं, दोन्हीकडं बघायचं. वीसदा केलं.

आता यंत्र कपाटातून बाहेर आलं आहे. दिवसाला अर्धा तास, आणि शेजारी घरातलं कुणीतरी मोठं माणूस. धाकटी नात तीन वर्षांची आहे, ती नुसती बघते. तिच्या वयाच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून जास्त वेळ पडद्यापुढं बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे. आम्ही तिला दहा मिनिटांत उठवतो.

धीर, पुढची नजर, हरून पुन्हा बसणं हे खेळ शिकवतो. ब्रेक तो शिकवत नाही. तो आपल्यालाच शिकवावा लागतो, आणि त्यासाठी आधी मुलाशेजारी बसावं लागतं.

परवा शर्यतीत माझी गाडी कड्यावरून पडली. नातवानं पडद्यावरची नजर न काढता मला विचारलं, “आजोबा, खरी गाडी असती तर इथं काय केलं असतंत?” म्हटलं, “वळणाच्या आधीच हळू झालो असतो.” तो म्हणाला, “बरोबर.”