गोठ्यातलं दुसरं उत्पन्न

कोल्हापूर-सांगलीकडच्या घरगुती गोठ्याचा हिशेब आपण दुधावरच मांडतो. पण दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ पाहून डेअरी ठरवते, पेंडीचा दर बाजार ठरवतो. दोन्हींवर आपला इलाज चालत नाही. शेण तेवढं सर्वस्वी आपलं, आणि तेच उकिरड्यावर टाकून आपण मोकळे होतो. म्हणून माझं म्हणणं असं, की गोबरगॅस हा चुलीची सोय म्हणून नव्हे, गोठ्याचाच भाग म्हणून बांधावा. 2 घनमीटरच्या प्लँटला रोज सुमारे 50 किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. चार-पाच जनावरांत ते भागतं आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्या गॅसवर होतो. तरीही गॅस हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा स्लरीचा, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या पातळ शेणाचा.

गॅस निघून गेल्यावर शेणात कस तो काय उरणार, असं पुष्कळजण विचारतात. शंका रास्त आहे. पण हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. शेणातून जातो तो बहुतांशी कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश टाकीतून स्लरीबरोबर बाहेर येतात. उघड्या उकिरड्यातला नत्र मात्र अमोनिया होऊन हवेत उडतो, काही पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. स्लरी उन्हात वाळवली, तर तोच तोटा पुन्हा पदरी पडतो. ती ओली असतानाच पाटाच्या पाण्यातून नेपियरला द्यावी, नाहीतर उसाच्या पाचटाच्या खड्ड्यात सोडावी. वैरण घरची होते आणि युरियावरचा खर्चही कमी होतो.

गावातले बंद पडलेले प्लँट दाखवून कुणी नको म्हणेल. ते का बंद पडले, हे पाहिलं पाहिजे. कुठे लोखंडी टाकी गंजली, कुठे जनावरं विकली गेली आणि प्लँट उपाशी राहिला. विटांच्या घुमटाच्या दीनबंधू प्लँटला गंजणारी टाकीच नाही. थंडीत गॅस कमी होतो, हे खरं. तेवढ्यापुरता सिलिंडर ठेवावा. गोठा धुतलेलं पाणी शेण-पाण्याच्या काल्याला चालतं, पण त्यात फिनेल नको, आणि प्रतिजैविकांचं इंजेक्शन चालू असलेल्या जनावराचं शेणही नको. त्यानं टाकीतले जिवाणू मरतात. अनुदान किती मिळतं यावरून प्लँटचा आकार ठरवू नका. आधी आठवडाभर आपल्या गोठ्यातलं शेण रोज मोजा, आणि मगच गवंड्याला बोलवा.