आई, इथं सगळं ठीक आहे!

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि प्रसाद यांच्या मधल्या अर्ध्या तासात बोलायचं आहे, तेव्हा लांबण लावणार नाही. मी काही व्याख्याता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रूळ, गिट्टी, स्लीपर यांच्यातच वीसहून अधिक वर्षं गेली. कार्यकारिणीनं विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, आपल्या सगळ्यांच्या घरी येणाऱ्या एका फोनवर बोलतो. तो फोन गावाकडून येतो, टीव्हीवर ठळक बातमी झळकल्यानंतर पाच मिनिटांत येतो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अरे, तुमच्याकडं काय चाललंय? तुम्ही बरे आहात ना?"

६ डिसेंबर २०२२ चं उदाहरण घ्या. सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. संध्याकाळी मिरजेहून आमच्या मातोश्रींचा फोन आला, "पोरांना शाळेत पाठवू नकोस, बाहेर मराठी बोलू नकोस." आता गंमत बघा. मिरजेहून बेळगाव रेल्वेनं दीडशे किलोमीटरच्या आत आहे. बेंगळुरूहून बेळगाव सहाशेच्या वर. म्हणजे घटनेच्या जवळ आई बसलेली, आणि काळजी माझी! कारण टीव्हीच्या पडद्यावर 'कर्नाटक' एवढा एकच शब्द होता. त्या शब्दात बेळगाव, बेंगळुरू, बिदर, मंगळूर सगळं एकाच ठिकाणी आलं.

आपणही तेच करतो बरं का! ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा इथून आपणच ठाण्या-डोंबिवलीला फोन लावत होतो. तिकडून उत्तर काय येई? "आम्ही ठीक आहोत, उद्या ऑफिस आहे." तेव्हा आपल्याला त्यांचं आश्चर्य वाटायचं. आज आपलं आश्चर्य मिरजेला वाटतं, एवढाच फरक.

मग खरं कोणाचं? लांबून घाबरणाऱ्याचं की जवळ राहून निर्धास्त असणाऱ्याचं? मला वाटतं, दोघांचंही अर्धं अर्धं.

आधी लांबच्याचं बघू. रूळ कुठं कमकुवत असेल, काम चालू असेल, तर गाडी सुटण्याआधी लोको पायलटच्या हाती कॉशन ऑर्डर देतात. तिच्यात 'पुढं धोका आहे' एवढंच लिहून भागत नाही. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत, वेग किती आणि कारण काय, हे सगळं लिहावं लागतं. शिवाय जागेवर बोर्ड लागतात, आणि बंधन संपतं तिथं शेवटचा टर्मिनेशन बोर्ड असतो. पॅसेंजर गाडीसाठी वेगळा, मालगाडीसाठी वेगळा, कारण मालगाडी लांब असते. शेवटचा डबा त्या जागेवरून गेल्याशिवाय वेग वाढवायचा नाही. तो बोर्ड नसता तर गाडी बेंगळुरूपासून मिरजेपर्यंत वीसच्या वेगानं रांगत गेली असती.

बातम्यांचं नेमकं हेच होतं. सुरुवातीचा बोर्ड मोठ्या अक्षरांत लागतो, शेवटचा बोर्ड कोणी लावतच नाही. दगडफेक झाली ही ठळक बातमी, पण दुसऱ्या दिवशी तिथली दुकानं उघडली ही बातमी होत नाही. गावाकडच्या माणसाच्या मनात तो धोका मग वर्षानुवर्षं चालूच राहतो.

यातून काय घडू शकतं हे या शहरानं ऑगस्ट २०१२ मध्ये पाहिलं आहे. त्या वर्षी जुलैत आसामात कोक्राझारकडं दंगली झाल्या. त्याचा सूड म्हणून ईशान्येकडच्या लोकांवर इथं हल्ले होणार, अशा अफवा एसएमएसवरून पसरल्या. बनावट फोटो फिरले. १५ ऑगस्टपासून सिटी स्टेशनवर लोंढा लागला. बॅगा, गाद्या, लहान मुलं घेऊन सिक्युरिटी गार्ड, हॉटेलातली पोरं, ब्यूटी पार्लरमधल्या मुली, विद्यार्थी गुवाहाटीच्या गाडीसाठी उभे. रेल्वेला स्पेशल गाड्या सोडाव्या लागल्या. काही दिवसांत हजारो माणसं सुमारे तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाला निघून गेली. मंत्री स्वतः स्टेशनवर येऊन 'जाऊ नका' म्हणून विनवत होते. १७ ऑगस्टला केंद्र सरकारनं घाऊक एसएमएसवर देशभर पंधरा दिवसांची बंदी घातली, दिवसाला पाचच एसएमएस!

अफवेत सांगितलेलं हत्याकांड झालं नाही. पुढं पुष्कळसे लोक परतही आले. पण मधल्या काळातला पगार, परीक्षा, खोलीचं भाडं, कोणी भरून दिलं? त्या लोकांना कोणी भित्रे म्हणू नये. घरून आईचा फोन, शेजारची खोली रिकामी होते आहे, आणि वर स्पेशल गाडी लागली आहे. गर्दी सुखरूप जावी म्हणून ती गाडी सोडावीच लागते, पण फलाटावरच्या माणसाला वाटतं, सरकारच गाडी देतंय म्हणजे नक्की काहीतरी आहे. आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही 'राणी चन्नम्मा'चं तिकीट काढलं असतं.

आमच्याकडं स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर निरोप देतात तेव्हा प्रायव्हेट नंबर देतात-घेतात आणि तो वहीत लिहितात. निरोप नेमक्या माणसानं दिला, नेमक्या माणसाला पोचला, याची ती खूण. त्या एसएमएसना असा नंबर नव्हता. कोणी पाहिलं, कुठं पाहिलं, केव्हा पाहिलं, काहीच नाही. आज व्हॉट्सअॅपवरच्या 'पुढे पाठवा'लाही तो नसतोच.

आता जवळ राहणाऱ्याचं बघू, कारण आपली बाजू सगळीच बरोबर नाही. फाटकाशी अपघात कोणाचा होतो? बरेचदा शेजारच्याच वस्तीतल्या माणसाचा. तो रोज रूळ ओलांडतो, म्हणून बघायचं सोडून देतो. सवय म्हणजे सुरक्षितता नव्हे.

दुसरं असं की 'आम्हाला काही झालं नाही' म्हणजे 'काही झालंच नाही' असं नव्हे. १२ सप्टेंबर २०१६ आठवतो ना? गणपतीचेच दिवस होते. कावेरीच्या पाण्यावरून सुप्रीम कोर्टाचा आदेश आला आणि शहर पेटलं. तमिळनाडूच्या गाड्या जाळल्या, एका आगारात तीसहून अधिक बस खाक झाल्या, गोळीबारात माणूस गेला, सोळा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू लागला. आपण घरी फोन करून सांगितलं, "इथं सगळं ठीक आहे." आपल्या गल्लीपुरतं ते खरंच होतं. पण त्याच संध्याकाळी तमिळ ट्रकचालकाला त्याच्या आईचा फोन आला असेल, तर त्यानं काय सांगायचं? २०२२ साली हिरेबागेवाडीला तीच वेळ आपल्या ट्रकचालकांवर आली. एकच शहर, एकच रस्ता. पण नंबरप्लेट, कामाची वेळ, पोशाख, बाई की पुरुष, यावरून धोका बदलतो. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्यानं रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीला 'घाबरायचं काय त्यात' म्हणू नये.

आणि काही वेळा निघणंच शहाणपणाचं असतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा तिथले एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय मायदेशी आणले गेले. एअर इंडियानं अम्मानहून ४८८ फेऱ्या केल्या. तिथं धोका डोळ्यांसमोर होता, आणि नेण्याची व्यवस्था, याद्या, विमानं सगळं होतं.

तेव्हा माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, घरच्या फोनला नुसतं 'ठीक आहे' म्हणू नका. त्यांना ते पटत नाही, आपण लपवतो आहोत असंच वाटतं. कॉशन ऑर्डरसारखं सांगा: घटना कुठं झाली, आमच्यापासून किती लांब, आज शाळा-ऑफिस चालू की बंद. आणि दोन दिवसांनी आपण होऊन फोन करून सांगा, "संपलं, रस्ते मोकळे झाले." टर्मिनेशन बोर्ड आपणच लावायचा.

दोन, आपल्या मंडळाच्या सभासदांत अडीनडीला असणारी माणसं आहेत, नवीन आलेली मुलं-मुली पेइंग गेस्ट म्हणून राहतात, रात्रपाळी करतात. त्यांचे फोन नंबर कार्यकारिणीकडं असावेत. ११२ सगळ्यांना पाठ असावा. आणि खात्री केल्याशिवाय कोणताही निरोप पुढं ढकलू नये.

तीन, कन्नड शिका. हे भीतीपोटी नव्हे. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली ती सतराव्या शतकात. त्यांची समाधी याच राज्यात, होदिगेरेला आहे. तेव्हापासून इथं राहिलेल्या मराठी घरांतली माणसं आज आपल्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतात, आणि घरात मराठी टिकवून आहेत. अडचणीच्या दिवशी टीव्ही उपयोगी पडत नाही. समोरचा दुकानदार शटर खाली ओढताना हळूच म्हणतो, "सार, इवत्तु होगबेडी." साहेब, आज जाऊ नका. ही सगळ्यांत खरी बातमी. तिच्यात जागा आहे, वेळ आहे, सांगणाऱ्याचा चेहरा आहे. पण ती त्याच्या भाषेत येते, आणि आपली-त्याची रोजची दोन वाक्यांची ओळख असेल तरच येते.

प्रसादाची वेळ झाली, थांबतो. गणपती बाप्पा मोरया!