पोटाचे दुखणे आणि मनाचे दुखणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंबाडी येथे दिलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत गेलेले. तथापि एका विद्यार्थ्याचे ऋण आमच्या माथ्यावर आहे. ते आपल्यासमोर मान्य करावे, म्हणून उभे राहिलो आहोत.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. शाळा भरली की त्याच्या पोटात दुखू लागे; चाचणीच्या दिवशी तर हमखास. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही. आम्ही निष्कर्ष काढला की हे ढोंग आहे, आणि भर वर्गात तसे बोलूनही दाखविले. त्याच्या वडिलांचे भिवंडीच्या यंत्रमागावरील काम सुटले होते, घरात कर्ज झाले होते आणि रोज रात्री पान वाढले की भांडणास तोंड फुटत होते, हे आम्हांस फार उशिरा कळले. नववीतच त्याने शाळा सोडली. पुढे एकदा तो अंबाडी नाक्यावर भेटला. वाकून नमस्कार केला आणि एवढेच म्हणाला, "गुरुजी, पोट खरंच दुखायचं हो."

त्या एका वाक्याने आम्हांस निवृत्तीनंतर पुन्हा विद्यार्थी केले. जे वाचले आणि डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो.

आपल्या अन्ननलिकेपासून थेट खालपर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत मज्जापेशींचे एक जाळे आहे. त्यात 10 कोटींहून अधिक पेशी आहेत. अन्न पुढे ढकलणे, पाचक रस सोडणे ही कामे हे जाळे बरीचशी आपल्याच अकलेने करते. मेंदूशी त्याचा संबंध मुख्यतः 'व्हेगस' नावाच्या लांब मज्जेने जोडलेला आहे. आपल्या अंबाडी नाक्यावर भिवंडी, वाडा आणि वज्रेश्वरी या तिन्ही बाजूंची वाहने येतात नि जातात. तशी या मज्जेतूनही निरोपांची ये-जा दोन्ही दिशांनी चालते. नवल असे की तिच्यातील सुमारे शेकडा 80 तंतू खालून वर, म्हणजे मेंदूकडे, निरोप नेणारे आहेत. आपण समजतो की डोके हुकूम सोडते आणि पोट ऐकते. वस्तुतः पोटच अधिक बोलते.

हे ज्ञान एका दिवसात झाले नाही. 1822 साली अमेरिकेत एका तरुणाच्या पोटास बंदुकीची जखम झाली. तो वाचला, परंतु जठराचे छिद्र बुजले नाही. बोमाँट नावाच्या डॉक्टराने त्यातून वर्षानुवर्षे पचनाचे निरीक्षण केले आणि 1833 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तो मनुष्य संतापला की त्याच्या पचनात बिघाड होई, अशी त्यात नोंद आहे.

अलीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आतड्यांतील असंख्य सूक्ष्म जंतूंकडे वळले आहे. 2004 साली जपानमध्ये असे दिसून आले की पोटात मुळीच जंतू नसलेल्या उंदरांच्या शरीरात ताण येताच नेहमीच्या उंदरांपेक्षा ताणाची संप्रेरके अधिक वाढतात. त्यांना एका जातीचे हितकारक जंतू दिल्यावर ती वाढ कमी झाली. उंदरांचे जसेच्या तसे माणसास लागू होत नाही, हे खरे. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास केला आहे. आपले धान्य, डाळी आणि पालेभाज्या यांतील चोथा हे यांपैकी अनेक जंतूंचे खाद्य होय. तेव्हा नाचणीची भाकरी, ताक आणि पावसाळ्यातील टाकळा यांस गरिबाचे अन्न म्हणून नाक मुरडू नये.

आपल्या मायबोलीने मात्र हे नाते केव्हाच ओळखले आहे. भीती वाटली की पोटात गोळा येतो, दुःख पाहून पोटात कालवते, तळमळीने बोलणारा पोटतिडकीने बोलतो आणि दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो. एवढे सारे बोलूनही घरातल्या माणसाचे पोट दुखले की आपण त्यास ढोंगी म्हणतो!

परंतु दुसऱ्या टोकासही जाऊ नये. जठरातील व्रण हा काळजीचा आणि तिखटाचा रोग, असे डॉक्टरसुद्धा पूर्वी मानीत. मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी त्याचे मोठे कारण एक जंतू आहे, हे दाखविले आणि त्यांस 2005 साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, दुखण्याने रात्री झोपमोड होणे, ताप राहणे, यांपैकी काही दिसल्यास 'मनाचे खेळ' म्हणून दवडू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा. अंगारे-धुपाऱ्यांत दिवस घालवू नयेत.

आमची आपणांस तीनच मागणी आहेत. पहिली, जेवणाच्या पानावर कर्जाचा, हुंड्याचा आणि मुलांच्या गुणांचा विषय काढू नका. दुसरी, सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले, धाकात जेवणाऱ्या सुनेला सर्वांबरोबर पानावर बसवा. तिच्या पोटदुखीचे औषध कदाचित तेथेच सापडेल. तिसरी, मूल पोट दुखते म्हणाले तर आधी विश्वास ठेवा, डॉक्टरांस दाखवा आणि मग जवळ घेऊन विचारा की बाळ, शाळेत काही झाले का? घरात कशाची भीती वाटते का?

हा प्रश्न आम्ही त्या मुलास विचारला नाही. विचारावयास अर्धी घटकासुद्धा लागली नसती. आपल्या ज्ञातीतील कोणाही मुलावर तशी पाळी येऊ नये, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना आहे.