मोडणारं हत्यार आणि खोटं बोलणारा मीटर

घरच्या घरी हौसेनं काही बनवणाऱ्या, मोडलेलं जुळवणाऱ्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. आधी स्वस्तातलं हत्यार घ्या, वापरा, आणि मोडलं तर त्या जागी चांगलं घ्या. सल्ला शहाणपणाचा आहे. आपण पुढे लाकूडकामात रमणार की रेडिओदुरुस्तीत, हेच ज्याला अजून उमगलेलं नाही, त्यानं पहिल्याच महिन्यात पाच-दहा हजार का घालावेत? पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि लॅमिंग्टन रोड, आणि आता मोबाइलवर मागवला की पारनेर तालुक्यातल्या आपल्या सुप्यात घरपोच येणारा सवलतीचा माल, यांनी कित्येकांच्या हातात आयुष्यातलं पहिलं हत्यार दिलं आहे. हे मोठं काम आहे. पण त्या सल्ल्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वस्तू निकामी झाली की ती आपल्याला कळते, असं त्यात मानलेलं आहे. पाना, पक्कड, हातोडी यांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं ठरतं. मीटरच्या बाबतीत मात्र ते खोटं आहे. बिघडलेला मीटरही आकडा दाखवतच राहतो. म्हणून हत्याराला लावायचा नियम मीटरला लावू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि ते का, हे जरा तपशिलात जाऊन सांगतो.

आधी हत्यारांचं पाहू. हलक्या पोलादाचा पाना चार वेळा जोर लावला की तोंडाशी फाकतो, बोल्टवरून घसरतो आणि बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो. त्याच्यावर क्रोम व्हॅनेडियम अशी अक्षरं असतात, पण ती अक्षरं उमटवायला पोलाद तसं असावंच लागतं असं नाही. नुकसान होतं, चार बोटं सोलतात, पण जे होतं ते डोळ्यांदेखत होतं. त्यानंतर माणूस दुकानात जातो आणि टपारियाचा पाना मागतो. साठच्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानं नाशकात उभा राहिलेला हा कारखाना. त्याचा माल परदेशी मालाच्या मानानं महाग नाही आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे इथे तो सल्ला चोख लागू पडतो. हत्यारांतला एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे, तो ग्राइंडरच्या चकतीचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे मारतो. त्या वेगात चकतीच्या कडेचा प्रत्येक बिंदू ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असतो. अशी चकती फुटते तेव्हा ती आधी कल्पना देत नाही. त्यामुळे जुनी, ओल लागलेली, मुदत संपलेली चकती सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. मुदतीचं साल तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेलं असतं, आणि ग्राइंडरचं संरक्षक कव्हर काढून तर काम कधीच करू नये.

आता मीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा पिवळा डिजिटल मल्टिमीटर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या पोटातला मूळ परिपथ सत्तरच्या दशकातला आहे आणि तो उत्तम आहे. बॅटरी ताजी असेल तर डीसी व्होल्टेज तो अर्ध्या-एक टक्क्याच्या आत दाखवतो. एवढ्या पैशांत एवढी अचूकता हे खरोखर थक्क करणारं आहे. अडचण त्याच्या भोवतीच्या गोष्टींत आहे. नऊ व्होल्टची बॅटरी उतरत गेली की मीटर ज्या संदर्भ-व्होल्टेजशी तुलना करतो तेच खाली येतं, आणि मग तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतो. पडदा स्वच्छ, आकडे ठळक, पण उत्तर चूक. दुसरी गोष्ट, एसी मोजताना तो सरासरी घेऊन, लाट शुद्ध साइन आकाराचीच आहे असं समजून उत्तर देतो. महावितरणच्या सॉकेटवर हे चालतं. पण इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा सौरपंपाचा कंट्रोलर यांतून बाहेर पडणारी लाट तशी नसते, आणि तिथे त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. त्याच्या लीडमध्ये तांब्याच्या तारा इतक्या थोड्या असतात की वरचं आवरण शाबूत राहून आत तार तुटते. मग मीटर शून्य दाखवतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसलेल्या माणसाला ते शून्य म्हणजे लाइन गेली आहे असं सांगतं, आणि तो हात घालतो. जास्तीचा आकडा माणसाला सावध तरी करतो. शून्य त्याला निर्धास्त करतं.

यापुढचा प्रश्न मीटर खोटं बोलण्याचा नाही, मीटर फुटण्याचा आहे. त्या पिवळ्या मीटरच्या पुढच्या बाजूला तीन भोकं असतात. त्यांतलं एक दहा ॲम्पिअरसाठी असतं, आणि पुष्कळ स्वस्त मीटरांत त्याच्या मागे फ्यूज नसतो. तसं तिथे बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. कालचा करंट मोजून लाल लीड त्याच भोकात राहिली आणि आज त्याच लीडनं कुणी फेज-न्यूट्रल तपासले, तर मीटर मोजत नाही, थेट शॉर्ट करतो. घरातल्या प्लगवर एमसीबी पडेल. डीपीच्या जवळ, तीन फेजच्या 415 व्होल्टवर, क्षणभरात हजारभर ॲम्पिअर वाहू शकतात, आणि ते हातात धरलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतून वाहतात. चांगल्या मीटरमध्ये अशा वेळी वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. ठिणगीच्या उष्णतेनं ती वाळू वितळते, काच होते आणि ठिणगी विझवते. काचेच्या नळीतला साधा फ्यूज एवढा करंट तोडू शकत नाही, तो फुटतो. म्हणूनच मीटरवर नुसतं हजार व्होल्ट लिहिलेलं आहे की नाही ते पाहून भागत नाही. त्याची कॅट श्रेणी पाहायला हवी. घरातल्या प्लगला लावलेल्या उपकरणांसाठी कॅट दोन, वितरण पेटी आणि कायम जोडलेल्या मोटारींसाठी कॅट तीन, आणि घरात शिरणाऱ्या मुख्य लाइनसाठी कॅट चार. कॅट तीन, 600 व्होल्ट असा खरा दाखला असलेला मीटर सहा हजार व्होल्टचा क्षणिक धक्का पेलण्याच्या चाचणीतून गेलेला असतो. ओव्हरहेड लाइनवर वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा असे धक्के येतात, आणि आपल्या भागात मे महिन्यात ते नवीन नाहीत.

सौरपंपांमुळे हा विषय आणखी गंभीर झाला आहे. कुसुम योजनेतून आणि 2024 पासूनच्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून शेताशेतात पॅनेल उभी राहिली. ती एकापाठोपाठ एक जोडली की काहीशे व्होल्ट डीसी तयार होतं. एसीची लाट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही, त्याची ठिणगी एकदा धरली की ताणली जात राहते. आणि सूर्य डोक्यावर असेपर्यंत पॅनेलचं व्होल्टेज कुठलाच स्विच पाडून बंद करता येत नाही. हौशी तरुण अशा ठिकाणी तोच दोनशे रुपयांचा मीटर घेऊन उभा राहतो, कारण त्यावर हजार व्होल्ट लिहिलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आमचं काम सेलवर चालणारी खेळणी, एलईडीच्या माळा, शाळेच्या प्रदर्शनातले प्रकल्प एवढंच आहे, त्यासाठी दोन-चार हजारांचा मीटर घ्यायचा का? मुळीच घेऊ नये. तिथे स्वस्त मीटर योग्यच आहे, आणि विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाकडे तो असावा असं मला मनापासून वाटतं. एक सावधगिरी मात्र ठेवावी. बारा व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी असं नाही. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो ॲम्पिअर सोडते. तिथे स्वस्त मीटरच्या लीडवर विश्वास नको, त्याच्या दहा ॲम्पिअरच्या भोकावर तर नकोच. दुसरा आक्षेप असा की महाग तेच चांगलं हे तरी कुणी सांगितलं? हेही बरोबर आहे. किंमत हा पुरावा नाही, आणि नावाजलेल्या छापाच्या नकलाही बाजारात मिळतात. पुरावा मीटरच्या पाठीमागे असतो. मागचं झाकण उघडून फ्यूज कुठल्या जातीचा आहे ते पाहता येतं, दोन्ही करंट-भोकांना फ्यूज आहे का ते पाहता येतं, लीडवर स्वतःची कॅट श्रेणी छापली आहे का तेही पाहता येतं. यासाठी परदेशी मालाकडे धावण्याचीही गरज नाही. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांना शिकागो रेडिओचे ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या मोटवाने कंपनीचे मीटर नाशकात बनतात, 1982 साली सुरू झालेली ऋषभ इन्स्ट्रुमेंट्सही नाशिकचीच. मीटर बनवण्यात आपला शेजारचा जिल्हा देशात नाव राखून आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गावातले जुने वायरमन आयुष्यभर साध्या टेस्टरवर काम करत आले, त्यांचं काय बिघडलं? ज्यांचं बिघडलं ते हा युक्तिवाद करायला आपल्यासमोर नसतात, हे त्याचं एक उत्तर. पण दुसरं उत्तर त्या वायरमनच्या बाजूचं आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचं वाटतं. जाणता वायरमन बंद लाइनला टेस्टर लावण्याआधी तो चालू लाइनला लावून पाहतो, आणि काम सुरू करण्यापूर्वी परत एकदा चालू जागी लावून पाहतो. टेस्टर जिवंत आहे याची तो दोनदा खात्री करून घेतो. या सवयीची किंमत शून्य आहे आणि लीडमधल्या तुटलेल्या तारेवर तिच्याइतका खात्रीचा उपाय नाही. स्वस्त साधन घेणाऱ्यानं वायरमनचा टेस्टर उचलायचा असेल तर ही सवयही सोबत उचलायला हवी.

आपल्या सुप्याला याचं मर्म लवकर समजावं असं मला वाटतं. औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे इथले शेकडो तरुण कारखान्यात ज्या व्हर्नियरनं मोजतात, त्यावर कॅलिब्रेशनचा शिक्का असतो आणि पुढच्या तपासणीची तारीख असते. ती तारीख उलटलेलं माप तिथे कुणी वापरू देत नाही. तेच तरुण घरी आल्यावर शतांश मिलिमीटरचा आकडा दाखवणारा स्वस्त डिजिटल कॅलिपर घेतात आणि तो आकडा खरा मानतात. शतांश दाखवणं वेगळं आणि शतांशापर्यंत बरोबर असणं वेगळं, हे त्यांना कारखान्यात पक्कं ठाऊक असतं. घरात मात्र तपासणारा कुणी नसतो. कारखान्यातल्या कामगाराच्या मागे सुरक्षा अधिकारी असतो, सहकारी असतो. हौशी माणूस रात्री दहाला एकटाच बसलेला असतो. त्यामुळे तपासणी त्यालाच करावी लागते, आणि ती शक्य आहे. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं 27 मिलिमीटर व्यासाचं आणि सुमारे 7.7 ग्रॅम वजनाचं असतं. अशी चार-पाच नाणी कॅलिपरला आणि छोट्या काट्याला जागेवर आणतात. मीटर तपासायला एक टक्का दर्जाचे रेझिस्टर काही रुपयांत मूठभर मिळतात. उकळतं पाणी थर्मामीटर तपासतं, फक्त पारनेरचं हे पठार समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास असल्यानं इथे पाणी शंभरला उकळत नाही, 98 अंशांच्या आसपास उकळतं. इथला थर्मामीटर 98 दाखवत असेल तर तो खरं बोलतो आहे, आणि बरोबर शंभर दाखवत असेल तर त्याच्याविषयी शंका घ्यावी.

अशा घरगुती तपासणीला मर्यादा आहेत, हे मान्य. मुंबईत चुनाभट्टीला विद्युत मापन उपकरणांसाठीची केंद्र सरकारची संस्था 1969 पासून आहे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा पुण्यातही आहेत. पण तीनशे रुपयांचा मीटर कुणी तिथे पाठवणार नाही. म्हणून या व्याख्यानमालेच्या आयोजकांपुढे आणि तालुक्यातल्या आयटीआयच्या शिक्षकांपुढे एक सूचना ठेवतो. वर्गणी काढून एक चांगला मल्टिमीटर, काही वजनं आणि दोन-तीन मापठोकळे घ्यावेत, ते वर्षातून एकदा प्रयोगशाळेतून तपासून आणावेत आणि वाचनालयात कपाटात ठेवावेत. महिन्यातल्या एका रविवारी ज्याला हवं त्यानं आपला स्वस्त मीटर, काटा, कॅलिपर तिथे आणावा, दोन्ही शेजारी ठेवून वाचन घ्यावं, आणि आपलं साधन किती चुकतं ते चिकटपट्टीवर तारखेसह लिहून पाठीमागे लावावं. ज्याच्या दहा ॲम्पिअरच्या भोकामागे फ्यूज नसेल, त्यानं ते भोक तिथेच, त्याच दिवशी, पट्टीनं बंद करून घरी न्यावं.