थेंब आपला, आकडाही आपला



आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन सोंगताना चक्कर आली, तर बाई म्हणते, "ऊन लागलं असन." पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. निम्म्याहून जास्त! याला एकेकीचं नशीब कसं म्हणायचं?

तपासायला बोटाचा एक थेंब पुरतो. सुई नवी, आपल्यासमोर उघडलेली हवी. पहिला थेंब पुसावा. बोट पिळू नये; पिळलं की कातडीखालचं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा चुकतो.

हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी ११च्या खाली, म्हणजे पंडुरोग. ७च्या खाली गेलं तर लगेच दवाखाना गाठायचा.

पुष्कळदा आकडा रजिस्टरात जातो आणि बाईच्या हाती नुसत्या गोळ्या पडतात. म्हणून विचारा, "ताई, माझं किती भरलं?" लिहून ठेवा. नेमानं गोळ्या घेऊनही आकडा वाढला नाही, तर सिकलसेलची तपासणी मागा. विदर्भात हा आजार आहे. आणि घरात सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं कोण जेवतं, याचीही बैठकीत चर्चा करा.