विद्यार्थ्यांचा वेळ आणि आपण



१९०१ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पुढे तेथे इतर ज्ञातींचीही वसतिगृहे उभी राहिली. त्या काळी विद्यार्थ्याला उणीव होती ती निवाऱ्याची व अन्नाची. आज पुष्कळांना उणीव भासते ती निवांत तासाची.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मोबाईल बहुतेक महाविद्यालयीन मुलांच्या हाती आला. प्राध्यापकांची टिपणे त्यावरच येतात आणि न संपणाऱ्या रील्सही त्यावरच. रोज तीन तास त्यात गेले, तर वर्षाचे १०९५ तास, म्हणजे ४५ अहोरात्रांहून अधिक काळ होतो.

परंतु सारा दोष यंत्राच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. एप्रिल-मे हे महाविद्यालयीन परीक्षांचे दिवस, आणि तीच आपली लग्नसराई. गतवर्षी आमच्या घरच्या कार्यात, पेपरच्या आदल्या दिवशी, आम्ही पुतण्याला पाहुणे आणावयास तीनदा स्टेशनावर धाडले. वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणणे त्याला जमले नाही. त्या विषयात तो अनुत्तीर्ण झाला. ज्या आम्ही जन्मभर मुलांना वेळेचे मोल शिकविले, त्या आम्हीच त्याचा वेळ लुटला!

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच की, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यास आमंत्रण द्यावे, पण आग्रह करू नये. तो न आल्यास राग धरू नये. मुलांनी अभ्यासाच्या वेळी मोबाईल वडिलांपाशी ठेवावा आणि वडिलांनीही तेवढा वेळ आपला मोबाईल मिटवावा.