देवमाशांचा हिशेब

देवमासे आणि डॉल्फिन मिळून आज सुमारे 90 प्रजाती आहेत. डीएनएवरून त्यांचा वंशवृक्ष काढता येतो. फांद्या केव्हा फुटल्या हे कळलं, की प्रजाती निपजण्याचा आणि नष्ट होण्याचा वेग गणिताने काढतात. हे वेग कायम सारखेच धरले, तर प्रजाती वाढतच गेल्या असं उत्तर येतं. जीवाश्म मात्र उलट सांगतात: एकेकाळी त्या कितीतरी जास्त होत्या! 2011 साली संशोधक एलेन मॉर्लाँ आणि सहकाऱ्यांनी गणितात हे वेग काळानुसार, कुळानुसार बदलू दिले, तेव्हा कुठे वृक्षातही ही घट दिसली. पण 2020 मध्ये लूका आणि पेनेल या संशोधकांनी नवाच पेच टाकला. फक्त जिवंत प्रजातींच्या एकाच वृक्षाशी असंख्य वेगवेगळे इतिहास तंतोतंत जुळतात. तेव्हा कच्छच्या खडकांतली देवमाशांची 4 कोटींहून अधिक वर्षं जुनी हाडंही या गणिताला हवीतच.